उलटा बाण

खडकदऱ्यात ‘झुंबर लागणं’ हे शब्द उठता-बसता कानावर पडत. मांडवात ऐन मुहूर्ताला वीज गेली, की कुणीतरी म्हणे, “लागलं झुंबर!” जिंकत आलेला क्रिकेटचा सामना हरला, की शेवटी बाद झालेला गडी वर्षभर ‘झुंबऱ्या’ ठरे. उर्मी हे ऐकतच मोठी झाली होती. स्वतःही कितीदा तरी म्हणाली होती. छताला टांगायच्या काचेच्या झुंबराचा आणि अरिष्टाचा संबंध काय, हा प्रश्न मात्र तिला एकोणीस वर्षांत कधी पडला नव्हता.

तो पडला महादू बोडख्यांच्या ओट्यावर.

२०५२ सालचा जानेवारी होता. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला ‘डिजिटल इतिहास’ हा विषय होता. तो शिकवणाऱ्या तांबोळी मॅडमनी प्रत्येकाला आपापल्या गावातली २०२० सालची साथ नोंदवायला सांगितली होती. जुन्या माणसांचे आवाज रेकॉर्ड करायचे, त्या काळचे फोटो आणि व्हिडिओ गोळा करायचे, सगळं नकाशावर बसवायचं आणि कुणालाही पाहता येईल असं संकेतस्थळ करायचं. ज्यांनी ती साथ जाणत्या वयात पाहिली, ती माणसं आता झपाट्यानं कमी होत चालली होती.

“बाबा, गावातला पहिला पेशंट कोण?” उर्मीनं विचारलं.

“झुंबर,” महादूबाबा म्हणाले.

“अरिष्ट आलं ते कळलं हो. पण आजारी पहिलं कोण पडलं?”

म्हातारा तिच्याकडं बघतच राहिला, मग तोंडाला उपरणं लावून हसला. “अगं, झुंबर म्हंजी माणूस! झुंबर खाडे, टेम्पोवाला. तुमच्या पिढीला ठावंच न्हाई व्हय?”

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. रस्ते बंद झाले, गावानं वेशीवर चर खणला, आणि शेतात टोमॅटो सडायला लागले. तेव्हा परवाना काढून वाशीच्या बाजारात माल न्यायला एकटा झुंबर तयार झाला. तीन खेपा त्यानं केल्या. नंतरच्या एका खेपेला नाक्यावर त्याच्या नाकात काडी घालून तपासणी झाली आणि संध्याकाळी बातमी आली, की गावातला पहिला करोना झुंबरला. त्याआधी चार दिवस शाळेचे हेडमास्तर पोटे गुरुजी तापानं इस्पितळात गेले होते. ते वारले. मग घरोघर माणसं पडत गेली. सात जण गेले.

“आन् झुंबरकाका?”

“त्यो वाचला ना! बरा होऊन आला तर गावानं वेशीतनं आत घेतला न्हाई. टेम्पो पेटवून दिला. बायको दोन लेकरं घेऊन चराच्या कडंनं गेली ती गेली.”

“टेम्पो कुणी पेटवला?”

“कुणी म्हंजी? गावानं,” महादूबाबा म्हणाले, आणि पुढं काही बोलायच्या आधी त्यांनी रेकॉर्डिंग बंद करायला सांगितलं.

पोटे गुरुजी हे उर्मीच्या आईचे वडील. उर्मीचे वडील गुजरातच्या किनाऱ्यावर पवनचक्क्यांच्या कामावर असत. त्यामुळं घरात उर्मी, तिची आई सानिका आणि आजी अशा तिघीच होत्या. आजीला सगळे माई म्हणत. रात्री जेवताना उर्मीनं सहज म्हणून झुंबर खाड्यांचा विषय काढला, तर माईंनी हातातला घास ताटात ठेवला.

“त्याचं नाव या घरात काढायचं नाही. त्यानं माझं कुंकू पुसलं.”

सानिका खाली मान घालून जेवत राहिली.

उर्मीला झोप येईना. एका जित्याजागत्या माणसाच्या नावाची शिवी झाली होती आणि ती शिवी तिच्याही तोंडी होती. त्याच्यामुळं खरंच गावात साथ आली असेल, तर तसं सिद्ध तरी व्हायला हवं. नसेल आली, तर...

दुसऱ्या दिवशी ती तांबोळी मॅडमच्या खोलीत जाऊन उभी राहिली. “मॅडम, जीवशास्त्र विभागात ते नवीन यंत्र आलंय. मला ते माझ्या प्रकल्पासाठी हवंय.”

ते यंत्र दिसायला भाताच्या कुकरएवढं होतं आणि सगळे त्याला ‘स्मृतिवाचक’ म्हणत. त्याच्यामागचं विज्ञान मॅडमनीच वर्गात एकदा समजावून सांगितलं होतं. विषाणू अंगात शिरला की स्वतःच्या लाखो प्रती काढतो, आणि प्रती काढताना अधूनमधून चुकतो. पेपरात कॉपी करणाऱ्या पोरांसारखंच ते. पहिल्या बाकावरच्यानं एक शब्द चुकीचा लिहिला, की मागचा तीच चूक उतरवतो आणि वर स्वतःच्या एका चुकीची भर घालतो. त्याच्या मागच्याच्या पेपरात मग दोन्ही चुका सापडतात. चुकांची रांग लावली, की कुणी कुणाचं पाहून लिहिलं ते मास्तरला बरोबर कळतं.

पण बत्तीस वर्षांपूर्वीचा विषाणू आता कुणाच्या अंगात उरलेला नाही. मग त्याच्या चुका वाचायच्या कशा? याचं उत्तर शरीरातच असतं. अंगात शिरलेल्या प्रत्येक शत्रूची ओळख जपून ठेवणाऱ्या काही पेशी रक्तात असतात, त्या स्मृतिपेशी. विषाणूचं कुलूप ज्या आकाराचं असेल, त्याच आकाराची किल्ली ही पेशी घडवते आणि दशकानुदशकं सांभाळते. कुलूप केव्हाच गेलं. किल्ली शिल्लक आहे. किल्लीच्या दात्यांवरून कुलूप कसं होतं हे ओळखण्याचं काम यंत्र करतं. लस बनवणाऱ्यांनी ते आपल्या कामासाठी बनवलं होतं. अलीकडं इतिहासाच्या लोकांची नजर त्याच्यावर पडली होती.

“यंत्र मिळेल,” मॅडम म्हणाल्या. “पण एक ऐकून ठेव. प्रत्येकाची संमती हवी, आणि ज्याचं रक्त त्याला कधीही माघार घेता आली पाहिजे. दुसरं म्हणजे, तुला हवं तेच उत्तर निघेल असं नाही.”

“जे निघेल ते निघेल, मॅडम.”

“हे म्हणायला सोपं असतं,” मॅडम म्हणाल्या, पण त्यांनी अर्जावर सही केली.

पुढच्या रविवारी ग्रामपंचायतीच्या सभागृहात उर्मीनं शिबिर भरवलं. साथीच्या वेळी गावात असलेली बरीच माणसं आली. बोटातून थेंबभर रक्त, आणि नंतर चहा. सगळ्यांत आधी माई येऊन बसल्या होत्या. त्यांनी बोट पुढं केलं आणि म्हणाल्या, “काढ. एकदा होऊ दे सिद्ध. सगळ्या जगाला दिसू दे.” ड्यूटी संपवून सानिकाही आली. ती गावाबाहेरच्या सौरऊर्जा केंद्रात ऑपरेटर होती. साथीच्या वर्षी ती नऊ वर्षांची होती आणि तिला शिंकसुद्धा आली नव्हती. “माझं कशाला गं? मला काही झालंच नव्हतं,” ती म्हणाली.

“कोरं निघालं तर कोरं. दे तरी.”

आता राहिला झुंबर. गावानं हाकललेला माणूस शोधायचा तर गावालाच विचारावं लागणार, आणि गाव काही सांगेना. शेवटी त्याच्या बायकोचं, द्वारकाबाईंचं, माहेर सापडलं आणि तिथून पत्ता मिळाला. नगर-पुणे रस्त्यावर सुप्याच्या अलीकडं झुंबर खाड्यांची रोपवाटिका होती.

उर्मी गेली तेव्हा ते कलमांना पाणी देत होते. साठी उलटलेला, उंच, थोडा पोक आलेला माणूस. तिनं खडकदऱ्याचं नाव घेतलं तशी त्यांनी आधी नळी बंद केली.

“रक्त कशापायी?” खुर्चीत बसून सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले. “मला काय म्हाईत न्हाई का? सात माणसं मारली मी. सातीच्या सात नावं पाठ हायेत. म्हणून दावू?”

उर्मीनं मनाशी वेगळाच माणूस रंगवला होता. गावावर चिडलेला, न्याय मागणारा. हा तर गावापेक्षाही ठामपणे स्वतःला दोषी धरून बसला होता.

“पोटे गुरुजी माज्या टेम्पोतनं इस्पितळात गेले,” ते म्हणाले. “अँब्युलन्स ईना, कुणी गाडी देईना. म्या नेलं. आन् त्यांना ज्यानं आजारी पाडलं त्योबी मीच.”

“काका,” उर्मी हळूच म्हणाली, “मी पोटे गुरुजींची नात. सानिकाची मुलगी.”

झुंबर खाडे खुर्चीवरून उठले. एकोणीस वर्षांच्या त्या मुलीपुढं त्यांनी दोन्ही हात जोडले. उर्मीला तिथून पळून जावंसं वाटलं.

“तू मागतीस तर घे रक्त,” ते म्हणाले. “तुमच्या घराला मला न्हाई म्हणता येत न्हाई.”

यंत्रानं आठवडाभर घेतला. पडद्यावर झाड उगवावं तसं चित्र तयार होत गेलं. प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका, आणि एका ठिपक्याकडून दुसऱ्याकडं जाणारा बाण म्हणजे संसर्गाची वाट. उर्मीनं सगळ्यांत आधी झुंबरचा ठिपका शोधला. तो झाडाच्या बुंध्याशी नव्हता. मधल्या एका फांदीवर होता आणि त्याच्याकडून कुणाकडंच बाण जात नव्हता. वाशीच्या बाजारात त्या महिन्यात फिरत असलेल्या विषाणूशी त्याच्या विषाणूचा मेळ बसत नव्हता. त्याला झालेला करोना खडकदऱ्यातलाच होता.

उर्मी आनंदानं टाळी वाजवणार, इतक्यात तिचं लक्ष बुंध्याकडं गेलं.

झुंबरच्या विषाणूत एक ठराविक चूक होती. तीच चूक माईंच्यात होती. आजारी पडलेल्या बाकी सगळ्या गावातही ती होती आणि तिच्यावर आणखी चुकांची भर होती. फक्त एकाच ठिपक्यात ती चूक नव्हती. तो विषाणू पुण्यात त्या मार्चमध्ये पसरलेल्या विषाणूशी तंतोतंत जुळत होता. म्हणजे पहिला तो. त्याच्या आणि गावाच्या मधे एक रिकामं वर्तुळ होतं: ज्याचं रक्त आता मिळणार नव्हतं, पण ज्याच्या अंगात ती चूक घडली असली पाहिजे असा माणूस. माईंच्या जवळचा, झुंबरच्याही जवळ आलेला, घरोघर साबण वाटत आणि ‘घरातच बसा’ म्हणून सांगत हिंडलेला. पोटे गुरुजी.

आणि त्यांच्याही आधीचा तो ठिपका उर्मीच्या आईचा होता.

रस्ते बंद व्हायच्या आधी, शाळांना सुट्टी लागली तेव्हा, मावशीकडं पुण्याला बारशासाठी गेलेल्या नऊ वर्षांच्या सानूला गुरुजींनी एस.टी.नं घरी आणलं होतं. तिला काही झालं नाही. लहान पोरांना बहुतेक वेळा होतच नसे. गुरुजींना झालं. त्यांच्याकडून टेम्पोत झुंबरला झालं. पण गुरुजींचा अहवाल इस्पितळात तुंबून राहिला आणि झुंबरचा आधी आला. अहवाल ज्या क्रमानं आले, त्याच क्रमानं गावानं गोष्ट रचली. एवढीच चूक. गावाच्या गोष्टीतला बाण झुंबरकडून गुरुजींकडं जात होता. खरा बाण उलटा होता.

उर्मीनं आईचं आणि झुंबरचं रक्त पुन्हा यंत्रात घातलं. उत्तर तेच आलं. मग तिनं ते झाड मॅडमसमोर नेऊन ठेवलं.

“नावं काढून नुसते आकडे ठेव,” मॅडम म्हणाल्या.

“पुण्याहून आलेली नऊ वर्षांची मुलगी, मॅडम. गावात दुसरी कोण होती? लगेच ओळखतील.”

“मग झाड वगळ. आवाज आणि फोटो पुरेसे आहेत. उत्तम प्रकल्प होईल. मार्क कमी होणार नाहीत.”

“आणि झुंबरकाका?”

या प्रश्नाचं उत्तर उर्मीनं स्वतःलाच दिलं. नाव घेऊन बदनाम केलेल्या माणसाला नाव घेऊनच सोडवावं लागतं. पण तिला आईवरून पुढं जाऊन ते करायचं नव्हतं.

ती सौरकेंद्रात गेली. दुपारची वेळ होती. निळ्या काचांच्या रांगा उन्हात तापल्या होत्या आणि सानिका एका तावदानाच्या जोडणीत स्क्रू-ड्रायव्हर घालून बसली होती. उर्मीनं सगळं एका दमात सांगून टाकलं. घोळ घातला असता तर सांगणं झालंच नसतं.

सानिकानं स्क्रू पूर्ण आवळला. मग विचारलं, “बाबांना माझ्याकडून?”

“हो, आई.”

“ताप होता तेव्हा मी त्यांच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते. माई नको म्हणायची तरी मी त्यांच्याजवळच झोपायचे.” तिचा आवाज सपाट होता. “हे मला का सांगितलंस, उर्मी? मी एवढी वर्षं ठीक होते.”

“कारण रक्त तुझं आहे. तू नाही म्हणालीस, तर तुझा ठिपका निघून जाईल.”

“आणि मग?”

“मग झुंबरकाकांचं काही सिद्ध होणार नाही. झाडाला बुंधाच नसेल तर फांदी कुठली दाखवू?”

“तर मग मी नाही म्हणते,” सानिका म्हणाली आणि पुढच्या तावदानाकडं गेली.

उर्मीनं वाद घातला नाही. तिनं ठिपका पुसलाही नाही. तो दिवस गेला, आणखी दोन गेले. आई तिच्याशी कामापुरतं बोलत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी उर्मीनं डब्याच्या पिशवीत आपला हेडफोन ठेवला. “आई, एवढं फक्त ऐक. ऐकून झाल्यावर जे म्हणशील ते मी करीन. शब्द देते.” त्यात रोपवाटिकेतलं रेकॉर्डिंग होतं. झुंबरचा आवाज, खुर्ची मागं सरकल्याचा आवाज, आणि ‘तुमच्या घराला मला न्हाई म्हणता येत न्हाई’.

संध्याकाळी सानिका आली ती चपला काढायलाही थांबली नाही. माई कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. ती त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली.

“माई, बाबांना झुंबरनं आजारी पाडलं नाही. मी पाडलं. मी पुण्याहून आणलं.”

माई आधी हसल्या, मग उर्मीकडं पाहून त्यांचा चेहरा उतरला. “कोण म्हणतं? ते डबडं? डबड्याला काय कळतंय! तुला तर साधी सर्दी नव्हती.”

“दोनदा तपासलंय, माई,” उर्मी म्हणाली.

“मग तिसऱ्यांदा तपासा! त्या झुंबरनंच माझं—”

“माई,” सानिकानं त्यांचा हात धरला. “तू ते वाक्य नेहमी म्हणतेस ना, ते म्हण. पण आता माझं नाव घालून म्हण. म्हण, सानूनं माझं कुंकू पुसलं.”

“वेडी झालीस का?”

“बत्तीस वर्षं तू हे त्याला म्हणालीस. मला एकदा म्हण.”

माईंनी तोंड उघडलं. ओठ हलले, पण शब्द फुटेना. त्यांनी लेकीच्या तोंडाकडं पाहिलं. चाळिशी ओलांडलेल्या त्या चेहऱ्यात त्यांना कोण दिसलं कोण जाणे. त्या एकदम म्हणाल्या, “तू लहान होतीस गं. तुला काय ठाऊक?”

“त्याला तरी काय ठाऊक होतं?” सानिका म्हणाली.

माई उठल्या आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. अर्धवट निवडलेली कोथिंबीर उर्मीनं निवडून ठेवली. मग सानिका म्हणाली, “माझं नाव घाल. पूर्ण नाव. आणि माझा आवाज घे. तुझं झाड माझ्यापासून सुरू होतंय, तर सांगेनही मीच.”

पण गावाच्या आधी हे झुंबरला कळायला हवं होतं. उर्मीनं फोन लावला. “काका, तुमच्यामुळे कुणी गेलं नाही. तुम्हाला गुरुजींकडून झालं, टेम्पोत. तुमच्याकडून पुढं कुणालाच नाही.”

पलीकडं नळीचं पाणी बंद झाल्याचा आवाज आला.

“मंग गुरुजींना कुणाकडनं?”

“माझ्या आईकडून. ती तेव्हा नऊ वर्षांची होती.”

“ते बारकं पोरगं?” झुंबरचा आवाज चिरकला. “ते लिहू नगं, पोरी. लेकराला बोल लागंल. माजं नाव हाय तसं ऱ्हाऊ दे. मला सवय झालीय.” आणि फोन बंद झाला.

फोन स्पीकरवर होता. सानिका म्हणाली, “त्यांना सवय झालीय म्हणूनच तर लिहायचं.”

महिनाभरानं सभागृहात मोठ्या पडद्यावर संकेतस्थळ उघडलं. झुंबरला निरोप धाडला होता. ते आले नाहीत. फोनही उचलत नव्हते. पडद्यावर आधी रिकामा नकाशा आला आणि सानिकाचा आवाज घुमला: “मी सानिका रंगनाथ पोटे. साथ खडकदऱ्यात माझ्यासोबत आली. मी नऊ वर्षांची होते आणि मला हे माहीत नव्हतं. ती झुंबर खाडे यांनी आणली नाही. माझ्या वडिलांना कुणी गाडी देत नव्हतं तेव्हा त्यांनी दिली, आणि ते आजारी पडले ते त्यामुळे.” मग बाण एकेक करून उमटत गेले.

सभागृहात गलका झाला. कुणी म्हणालं, यंत्राला काय, कुणीही काहीही बोलायला लावेल. कुणी म्हणालं, झालं गेलं उकरून काय मिळतं. एक बाई उठून सानिकाकडं पाहत म्हणाली, “माझा दीर गेला त्यात,” आणि सानिका उभी राहून तिला म्हणाली, “हो, वहिनी. मला त्यांचं नाव माहीत आहे.” बाई निघून गेली नाही; तिथंच परत बसली. महादूबाबा काठी टेकत पडद्यापाशी गेले आणि झुंबरच्या ठिपक्यावर बोट ठेवून, त्याच्याकडून कुठं बाण जातोय का, ते जवळून पाहत राहिले. तिथून बोट पुढं न्यायला त्यांना एकही बाण सापडला नाही.

ज्यांनी हे खोटं म्हटलं, त्यांना उर्मीनं एवढंच सांगितलं, “रक्त द्या, पुन्हा तपासू. यंत्र आणखी आठवडाभर इथं आहे.” आठ जण पुढं आले. त्यांचे ठिपकेही झाडावर आपापल्या जागी जाऊन बसले.

माई सभागृहात आल्या नव्हत्या. पण त्यानंतरच्या रविवारी सकाळी, सानिका आणि उर्मी सुप्याला जायला निघाल्या, तर माई आधीच गाडीत मागच्या सीटवर बसलेल्या होत्या. हातात पिशवी नाही, अंगावर घरचंच लुगडं.

“चला,” त्या म्हणाल्या. “त्यानं हाकललं तर परत येऊ.”

रोपवाटिकेच्या फाटकापाशी द्वारकाबाई भेटल्या. त्यांनी माईंना ओळखलं आणि पदर खांद्यावरून घेऊन त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. “काय ऱ्हायलंय आता?” त्या म्हणाल्या. “माजी लेकरं चार शाळा फिरली. टेम्पोची राख तरी बगू दिली का तुमच्या गावानं?”

माई उन्हात तशाच उभ्या राहिल्या. शेवटी आतून झुंबरचा आवाज आला, “द्वारके, त्यांना सावलीत बसव.”

ते बाहेर आले. सानिकानं वाकून नमस्कार केला तर त्यांनी तिला मधेच धरलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. “कशापायी सांगितलंस गं? बोल खायाला मी हुतो की.”

“तुम्ही होतात, काका. म्हणूनच.”

माई एका उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसल्या होत्या. माफी मागायची असं घरून ठरवून आलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा होता, पण त्यांच्या तोंडून भलताच प्रश्न बाहेर पडला.

“झुंबर, टेम्पोत बसल्यावर ते काही बोलले का रे? मला गाडीजवळसुद्धा येऊ दिलं नव्हतं.”

उर्मी चमकली. इस्पितळात गेल्यावर गुरुजी शुद्धीवर आलेच नव्हते. त्यांना शेवटचं बोलताना ऐकलेला माणूस हा एकटाच होता, आणि माईंनी बत्तीस वर्षं त्याचं नाव घरात येऊ दिलं नव्हतं.

झुंबर त्यांच्यासमोर खाली बसले. “बोलले की, बाई. मी त्यांना केबिनीत बसवाया लागलो तर बसंनात. म्हनले, मला मागं क्रेटात बसव. माज्याकडनं तुला लागंल, तुला बारकी लेकरं हायेत. बसवलं मागं. पन वढ्याच्या चढाला लई धाप लागली, तवा उचलून म्होरं घेतलं. तरी बी तोंडाला धोतराचा सोगा धरून खिडकीकडं तोंड करून बसले. मला वाटायचं, माजंच त्यांना लागलंय आन् ह्यो माणूस मलाच जपतोय. त्याचंच लई वाईट वाटायचं.”

माईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलं नाही. उर्मीच्या हातात रेकॉर्डर सुरू होता. तिनं तो बंद करून खिशात ठेवला आणि आईचा दंड धरून तिला रोपांच्या रांगांकडं घेऊन गेली. मागं माईंनी क्रेट पुढं सरकवल्याचा आवाज आला.

“चढ चढून गेल्यावर काय म्हणाले?” माई विचारत होत्या. “सगळं सांग. मला घाई नाही.”